चार आठवड्यांचे रुग्णालय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डॉक्टरी शिक्षणावर बोलायला कविता लिहिणारा माणूस कशाला आला, असे तुम्हांला वाटले असेल. मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. औषधांची नावे मला चिठ्ठीवरूनही नीट वाचता येत नाहीत. पण आमच्या घरातली पहिली डॉक्टर म्हणजे माझी भाची. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम. बी. बी. एस. झाली. अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचे तिने ठरवले, तेव्हा तिची पत्रे, निवेदने आणि अर्ज वाचून पाहायचे काम घराने माझ्यावर टाकले. "मामू, तुम्ही शब्दांतले आहात," एवढेच तिने सांगितले. त्या निमित्ताने दीडेक वर्ष मी या गोष्टीत डोके घातले. त्यातल्या एकाच प्रश्नाविषयी आज बोलणार आहे. अर्ज करण्याआधी तिकडच्या एखाद्या रुग्णालयात चार आठवडे घालवायचे असतात, ते रुग्णालय निवडायचे कसे? नांदेड, लातूर, सोलापूर, सांगली अशा गावांतल्या कितीतरी घरांत आज हा प्रश्न जेवणाच्या वेळी निघतो आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर चुकीच्या टोकाने शोधले जाते.

आधी शब्द समजून घेऊ. डॉक्टर झाल्यावर एखाद्या शाखेत तज्ज्ञ व्हायचे तर रुग्णालयात काही वर्षे पगारी उमेदवारी करावी लागते. तिला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात. मेडिसिन या शाखेत ती तीन वर्षांची असते. हा शब्द आला कुठून? बाल्टिमोर शहरात १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तिथे विल्यम ऑस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहत, म्हणून ते रेसिडेंट, म्हणजे निवासी. याच ऑस्लरसाहेबांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकावरून उठवून रुग्णाच्या खाटेशी नेले. आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवले एवढेच आपल्या थडग्यावर लिहिले तरी पुरे, असे ते म्हणत. एकेका विभागात काही आठवडे काम करून पुढे सरकायचे, याला रोटेशन म्हणतात. आपल्याकडची मुले त्यालाच पोस्टिंग म्हणतात.

आता जागा मिळते कशी ते पाहू. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली रुग्णालये चांगले विद्यार्थी पळवण्यासाठी एकमेकांच्या पुढे धावत. शिक्षण संपायला दोन-दोन वर्षे असतानाच बोलणी उरकून टाकत. पुढे पुढे तर, ही जागा घेतोस की नाही ते काही तासांत सांग, अशा तारा जाऊ लागल्या. हा गोंधळ मिटवायला १९५२ साली 'मॅच' नावाची व्यवस्था आली. विद्यार्थी आपल्या पसंतीची यादी देतो, रुग्णालयेही देतात आणि यंत्र जोड्या जुळवते. गंमत अशी की, १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी लग्न जुळवण्याचे एक कोडे सोडवून दाखवले, आणि पुढे लक्षात आले की त्याचा आणि या मॅचचा हिशेब एकच आहे. अॅल्विन रॉथ यांनी त्यात सुधारणा केली, ती १९९८ च्या मॅचपासून वापरात आली. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माझ्या बहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे स्थळच बघायचं की!" तसेच आहे. म्हणूनच आधी भेटीगाठी लागतात.

परदेशातून येणाऱ्यांची गत जरा कठीण आहे. मार्च २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एम. डी. महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या परदेशी नागरिकांत हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होते. पूर्वी आपली मुले परीक्षेतल्या गुणांवर पुढे निघून जात. तिकडच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, ज्याला स्टेप वन म्हणतात, त्यात भरघोस गुण मिळवणे हे आपले हुकमी शस्त्र होते. पाठांतर आणि सराव यांत आपण कमी नाही. पण २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले. आता फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. दुसऱ्या टप्प्याचे गुण अजून आहेत, पण त्यांच्या जोडीने शिफारसपत्रांचे आणि अमेरिकन रुग्णालयातल्या अनुभवाचे वजन वाढले. एका ठिकाणच्या अर्जाला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. ती मिळवायची तर तिकडच्या डॉक्टरने तुम्हांला काम करताना पाहिलेले हवे. म्हणून हे चार आठवडे.

या चार आठवड्यांचेही प्रकार आहेत, आणि अनेक घरांना ते पैसे भरून झाल्यावर कळतात. तुम्ही अजून विद्यार्थी असाल तर 'इलेक्टिव्ह' मिळू शकते. त्यात रुग्णाशी बोलता येते, तपासता येते, राउंडमध्ये त्याची हकिगत तोंडी मांडता येते. पदवी हातात पडली की हे दार बहुतेक ठिकाणी बंद होते. काही रुग्णालये तर इंटर्नशिपमधल्या मुलालाही विद्यार्थी धरत नाहीत. नंतर उरते ती 'ऑब्झर्व्हरशिप', म्हणजे पाहायचे, हात लावायचा नाही. तेव्हा ज्यांची मुले-मुली अजून तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आहेत त्यांनी ही गोष्ट आजच वहीत लिहून ठेवावी. इलेक्टिव्हसाठी अर्ज बरेच महिने आधी करावा लागतो आणि काही रुग्णालये स्टेप वन उत्तीर्ण असण्याची अटही घालतात.

आमच्या भाचीला हे उशिरा कळले, म्हणून तिच्या वाट्याला ऑब्झर्व्हरशिपच आली. २०२४ च्या उन्हाळ्यासाठी तिच्यापुढे दोन पर्याय होते आणि पैसा एकाच फेरीपुरता होता. एक होते जगप्रसिद्ध विद्यापीठाचे रुग्णालय. त्याचे नाव आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारालाही माहीत. दुसरे शिकागोच्या बाहेरचे, मध्यम आकाराचे, कोणी नाव न ऐकलेले. घरात आठवडाभर वाद चालला. मेहुणे म्हणत, एवढा खर्च करायचा तर नाव मोठे पाहिजे, कागदावर ते कायम राहील. त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. आयुष्यभर त्यांनी पाहिले ते हेच, की शाळेच्या, बँकेच्या, कचेरीच्या पाटीवरून माणसाची पत ठरते.

पण भाचीने दोन्ही ठिकाणी आधी जाऊन आलेल्यांना विचारले. मोठ्या रुग्णालयात वरिष्ठ डॉक्टरांमागे फेलो, त्यांच्यामागे रेसिडेंट, मग तिथले विद्यार्थी आणि सर्वांत शेवटी पाहुणा. वरिष्ठ डॉक्टर दोन आठवड्यांनी बदलतात. त्यांच्या कानावर पाहुण्याचे नाव जाईपर्यंत त्यांची पाळी संपते. छोट्या ठिकाणी राउंडला चार-पाच माणसे. तिथे मेडिसिनची स्वतःची रेसिडेन्सी आहे, राउंड घेणारे डॉक्टर त्याच विभागात निवडीच्या मुलाखतीही घेतात, आणि संकेतस्थळावर त्यांच्या सध्याच्या रेसिडेंटांची जी यादी आहे तीत निम्मी नावे भारत, पाकिस्तान, नेपाळ, इजिप्तच्या महाविद्यालयांतली. रुग्णालय जे-१ व्हिसाला पाठबळ देते हेही तिथेच लिहिलेले. एवढ्या चार गोष्टी तपासायला एक संध्याकाळ पुरते. पाटीवरून त्यांतली एकही कळत नाही. तिने छोटे रुग्णालय घेतले. मेहुणे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

मधल्या काळात एका दलाल संस्थेचेही बोलावणे आले होते. चार आठवड्यांचे अडीच हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे दोन लाखांहून थोडे अधिक, राहण्या-जेवणाचे वेगळे. 'पत्राची हमी' असे जाहिरातीत ठळक लिहिलेले. चौकशी केली तर तो एका डॉक्टरचा खासगी दवाखाना निघाला. तिथे ना रेसिडेन्सी, ना दाखल झालेले रुग्ण. त्यांनी नमुन्याचे पत्र पाठवले, ते भाचीने मला वाचायला दिले. मेहनती, प्रामाणिक, बुद्धिमान, नम्र, सहकार्यशील. अकरा विशेषणे मी मोजली. त्या पत्रात नाव बदलले तर ते कोणालाही चालले असते. आमच्या धंद्यात नवे लेखक पहिल्या कवितेत हेच करतात, चंद्र सुंदर, नदी निर्मळ, आई प्रेमळ. वाचणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. शेकडो अर्ज चाळणाऱ्या डॉक्टरचेही तेच होत असणार. त्याला हवा असतो एक प्रसंग, ज्यात हा माणूस दिसतो. इमर्जन्सी मेडिसिन या शाखेने तर पत्राचा ठराविक नमुनाच केला आहे. त्यात स्तुती बाजूला ठेवून, या विद्यार्थ्याला तुमच्याकडच्या इतरांच्या तुलनेत कुठे बसवाल, असे सरळ विचारतात.

प्रसंग हमी देऊन मिळत नाही. तो घडायला कोणीतरी जवळ उभे असावे लागते. भाचीचा प्रसंग सांगतो. तिसऱ्या आठवड्यात एक वयस्कर हैदराबादी बाई दाखल झाल्या. धाप लागत होती, पाय सुजले होते. तिकडे रुग्णाची भाषा वेगळी असेल तर रुग्णालयाने दुभाषा द्यावा लागतो, तसा फोनवर दुभाषा आला. त्रास कधीपासून, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "परसों से." दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, दोन दिवसांपासून. दोन दिवसांची धाप म्हटल्यावर फुप्फुसात गुठळी अडकली का, या दिशेने चर्चा सुरू झाली.

आता आमच्या घरच्या दखनीत, आणि हैदराबादेत तर फारच, 'परसों' म्हणजे मागचा कुठलाही दिवस. मागचा आठवडाही परसों, मागचे वर्षही परसों. मराठीतही आपण 'अगदी परवाची गोष्ट' म्हणतो तेव्हा दिवस मोजत नाही, पण दखनीने त्याची हद्दच सोडली आहे. भाचीला रुग्णाशी थेट बोलायची परवानगी नव्हती, आणि दुभाष्याचे काम आपण करायचे नाही हा तिथला नियमच. तिने बाहेर व्हरांड्यात वरिष्ठ डॉक्टरांना सांगितले, हा शब्द आमच्याकडे दोन दिवसांचा नसतो, रमजानच्या आधीपासून की नंतर असे विचारून पाहावे. त्यांनी दुभाष्यामार्फत तसे विचारले. बाई म्हणाल्या, आधीपासूनच, यंदा तरावीह खुर्चीवर बसून पढावी लागली. त्या वर्षी रमजान मार्चमध्ये सुरू झाला होता, आणि हे चालले होते जुलैमध्ये. म्हणजे चार महिन्यांहून जुने दुखणे. चौकशीची वाट हृदयाकडे वळली.

यात भाचीची हुशारी किती आणि जन्म कुठे झाला याचा भाग किती, हे सोडून द्या. माझ्या मते महत्त्वाचे हे की व्हरांड्यात तिला ऐकून घेणारा माणूस दोन पावलांवर होता आणि त्याला तिचे नाव ठाऊक होते. आठ जणांच्या रांगेच्या शेवटी ती उभी असती तर तोंड उघडले असते का? मला शंका आहे.

कारण तोंड न उघडणे ही आपल्याकडची मुख्य अडचण आहे. आपली मुले सरांसमोर हात मागे बांधून उभी राहतात. विचारले तरच बोलायचे आणि विचारले तर पुस्तकातली व्याख्या सांगायची. तिकडे राउंडला पहिल्याच दिवशी विचारतात, तुला काय वाटते, याला काय झाले असेल? "सर, तुम्ही म्हणाल तसे" हे उत्तर तिथे नम्रता म्हणून धरत नाहीत, याला स्वतःचे मत नाही असे समजतात. भाची सांगते, 'माझ्या मते' हे दोन शब्द इंग्रजीत उच्चारायला तिला आठवडा लागला. म्हणून पहिल्या आठवड्यात पत्राची आशा धरू नये. दोन-दोन आठवड्यांची दोन रुग्णालये करण्यापेक्षा एकाच ठिकाणी चार आठवडे बरे. शाखाही एकच ठेवावी. मेडिसिनला अर्ज करणाऱ्याला अस्थिव्यंग शल्यविशारदाचे पत्र फारसे कामाचे नसते.

आणि आपणही त्यांना पाहत असतो हे विसरू नये. दुपारी जेवताना रेसिडेंट एकमेकांशी बोलतात की भिंतीकडे तोंड करून घास गिळतात, रात्रपाळीनंतर ठरल्या वेळी घरी जातात की नाही, चूक झाली तर वरिष्ठ सगळ्यांसमोर बोलतात की बाजूला घेऊन, हे मुलाखतीच्या एका दिवसात दिसत नाही. मॅचची यादी करताना हे उपयोगी पडते. तिथे आपल्या मनातला खराच क्रम लिहावा, चतुराई करू नये. हिशेबाची रचनाच अशी आहे की खरे लिहिणाऱ्याचे नुकसान होत नाही.

आता एक टोचणारा मुद्दा. आपल्याकडे पुढच्या शिक्षणाची जागा नीट-पीजी या परीक्षेवर मिळते. दोनशे प्रश्न, आठशे गुण. त्यामुळे आपली मुले इंटर्नशिपचे पोस्टिंग निवडताना उलटा विचार करतात, काम कुठे कमी, वाचायला वेळ कुठे जास्त. साडेचार वर्षे शिकून शेवटी बारा महिने रुग्णांत घालवायचे, तर तेच पुस्तकाआड जातात. रात्रभर कोणाच्या उशाशी बसलात हे कोणी विचारत नाही. हे वाईट आहे, हे डॉक्टर मंडळीच सांगतात. तरी मी त्या परीक्षेची पूर्ण निंदा करणार नाही. उत्तरपत्रिकेला तुमचे आडनाव दिसत नाही. घर भाड्याने शोधताना आधी नाव विचारले जाते, याचा अनुभव असलेल्या माणसांना या आंधळेपणाची किंमत कळते. पत्रावर चालणाऱ्या व्यवस्थेत ओळखीपाळखीला जागा राहते. ज्यांचे काका-मामा तिकडे डॉक्टर आहेत त्यांना चार आठवडे एका फोनवर मिळतात. आमच्या भाचीचा मामा कवी.

तिला ते रुग्णालय कळले ते तिच्याच महाविद्यालयातून दोन वर्षे आधी तिथे गेलेल्या एका मुलामुळे. त्याने फक्त एवढे सांगितले की अर्ज कोणाकडे पाठवायचा आणि कोणत्या महिन्यात. याला वशिला म्हणायचे का, यावर आमच्या घरात पुन्हा वाद झाला. मला वाटते, पत्ता सांगणे आणि पत्र लिहून घेणे यांत फरक आहे. पण तो पत्ताही ज्या गावात पोहोचत नाही तिथल्या मुलाने काय करायचे? त्यासाठीच हे भाषण आहे, असे समजा. रुग्णालयांच्या संकेतस्थळांवर ऑब्झर्व्हरशिपची माहिती, फी, अर्जाची मुदत उघड लिहिलेली असते. भाचीने चाळीसेक ठिकाणी लिहिले होते, उत्तरे सहा आली.

निकालाचे विचाराल, तर मार्च २०२५ मध्ये तिला मेडिसिनची जागा मिळाली. त्या शिकागोजवळच्या रुग्णालयात नव्हे, दुसऱ्याच राज्यात, तिच्या यादीतल्या तिसऱ्या क्रमांकावर. तिथल्या मुलाखतीत एका डॉक्टरने हसत विचारले होते, "ती 'परवा'ची गोष्ट काय आहे?" तेव्हा पत्रात काय असावे याचा आम्हांला अंदाज आला. पण यावरून नियम काढू नका. तिच्या वर्गातला एक मुलगा त्याच जगप्रसिद्ध रुग्णालयात जाऊन आला, त्यालाही जागा मिळाली, त्याचे दुसऱ्या टप्प्याचे गुण फार वरचे होते. आणखी एका मुलीने सगळे नीट केले, पत्रेही चांगली होती म्हणतात, तिला त्या वर्षी कुठेच मिळाली नाही.

शेवटी पत्र मागण्याविषयी. कार्यक्रमांना अर्ज पाहायला मिळतात ते सप्टेंबरच्या अखेरीस, तोवर पत्रे पोहोचलेली असावीत. म्हणून रोटेशन फार तर ऑगस्टपर्यंत संपवावे. डॉक्टर ते पत्र तुमच्या हाती देत नाहीत, थेट अर्जाच्या व्यवस्थेत चढवतात, आणि ते पाहण्याचा हक्क आपण सोडत आहोत असे तुम्ही लिहून दिलेले बरे, तरच वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. मागायचे ते शेवटच्या आठवड्यात, समोर उभे राहून, ई-मेलने नव्हे. आणि नुसते 'पत्र द्याल का' असे विचारायचे नाही, 'तुम्हांला माझ्यासाठी चांगले पत्र मनापासून लिहिता येईल का' असे विचारायचे. समोरचा अडखळला तर आभार मानून विषय बदलावा, कोमट पत्र अर्जाला ओझे होते. भाचीने सोमवारी विचारायचे ठरवले होते. तिने विचारले गुरुवारी, लिफ्टची वाट पाहताना. डॉक्टर म्हणाले, लिहितो, पण इथे काय काय केलेस ते एका पानावर लिहून पाठव, म्हणजे मला आठवायला सोपे जाईल. त्या रात्री तिने ते पान मला वाचायला पाठवले. त्यात सात विशेषणे होती, ती आम्ही फोनवर एकेक करून काढली.